उलटी

बंगळूरजवळ बोम्मसंद्र्याच्या नव्या कारखान्यात मी शिकाऊ इंजिनियर होते आणि ते फिटर. सगळे त्यांना अण्णा म्हणत. चामराजपेटेतल्या जुन्या मराठी घरातले, त्यामुळे ‘थोडं’च्या जागी त्यांच्या तोंडी कायम कन्नड ‘स्वल्प’ यायचं. वयानं माझ्या दुप्पट असून मला ‘अक्का’ म्हणत. कुठलंही मशीन पहिल्यांदा सुरू करण्याआधी ते त्यावर पालथा हात ठेवून उभे राहत, ताप बघितल्यासारखे.

पहिल्या पंपाची पूजा झाली, झेंडूचा हार चढला. अण्णांनी चाचणीसाठी बटण क्षणभर दाबून सोडलं. पंपावरचा दिशेचा बाण हाराखाली झाकला गेला होता, पण आदल्या दिवशी मी तो वहीत काढला होता. मोटर बाणाच्या विरुद्ध फिरली. तशीच चालवली असती तर नवा पंप मोडला असता. इंग्रजी शाळेत शिकलेल्या माझ्या तोंडून कसंबसं निघालं, “मोटरला उलटी होतेय.”

पुण्याहून आलेले मॅनेजर हसत सुटले. “मग पूजेतलं लिंबू द्या तिला!”

अण्णा हसले नाहीत. “स्वल्प थांबा, सर.” त्यांनी हार उचलला, बाण पाहिला आणि दिशा बदलायला मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली.

त्यानंतर प्रत्येक मशीन सुरू करताना, सगळ्यांसमोर, ते गंभीर चेहऱ्यानं विचारत, “अक्का, उलटी नाही ना?”

मी नुसती मान हलवली, तर त्यांचं बोट बटणावर तसंच थांबायचं. “तोंडानं सांगा, अक्का.”

“नाही, अण्णा,” मी म्हणायचे. दर वेळी स्वल्प मोठ्यानं.