बॉल न टाकता पडणारे पॉइंट

“मॅडम, तुमची चिप तर दाता कर्ण झाली! कोणी बॉल टाकून नाही राहिलं, अन् पॉइंट पडूनच राहिले. पोट्टे हाताची घडी घालून उभे राहतात अन् टेडी घेऊन जातात!”

फोनवर गजूभाऊ होते. त्यांचं हिंगणा रोडवर गेम पार्लर आहे. आमची नवी चिप कारखान्यात जाण्याआधी तिचं डिझाइन त्यांच्या एका मशीनवर ट्रायलला लावलं होतं. मी नागपूरच्या मिहानमधल्या एका छोट्या चिप डिझाइन कंपनीत व्हेरिफिकेशन बघते. म्हणजे दुसऱ्यांच्या डिझाइनमधली खोट काढण्याचा मला पगार मिळतो. स्वभावाला साजेसं काम आहे, असं घरचे म्हणतात.

मशीन साधं होतं. चढावर बॉल घरंगळवायचा, तो भोकात पडला की पॉइंट. भोकाखाली उभा पाइप. भोकाच्या वर आडव्या पट्टीवर एक LED सतत लुकलुकत असतो, पण तो प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही. पाइपच्या तळाशी बसलेला सेन्सर तेवढी लुकलुक बघत असतो. बॉल मध्ये आला की लुकलुक दिसेनाशी होते आणि चिप पॉइंट देते. हे ठरवणारा भाग, म्हणजे आमच्या भाषेत ब्लॉक, प्रणालीनं डिझाइन केला होता. उमरेडची मुलगी. घरी आजोबांपर्यंत हातमाग चालायचा, ही पोरगी चिप विणायला लागली. स्वतःचा असा हा तिचा पहिलाच ब्लॉक.

घाटे सर आमचे बॉस. ते वैतागले होते, कारण टेपआउट तोंडावर होतं. टेपआउट म्हणजे चिपचा अंतिम नकाशा कारखान्यात पाठवणं. त्यानंतर खोडरबर चालत नाही.

“प्रणालीला पुढच्या प्रोजेक्टवर घ्यायचं नाही,” ते म्हणाले.

“सर, चूक अजून सापडली कुठे?”

“मशीन सांगून राहिली ना! आणखी कोणी सांगायला पाहिजे?”

आम्ही सिम्युलेशन करून, म्हणजे कॉम्प्युटरवर चिप चालवून पाहिलं, काही निघालं नाही. पार्लरमध्ये जाऊन मशीन तपासलं. तिथे ते इतकं शहाण्यासारखं वागायचं की गजूभाऊच खोटे पडायचे. आम्ही जायचो ते अर्थातच संध्याकाळी. मे महिन्यात नागपूरचा माणूस दुपारी कशाला घराबाहेर पडतोय! आमच्या ऑफिसचाही न लिहिलेला नियम होता, उन्हाळ्यात साइट व्हिजिट पाचनंतर.

एका सकाळी प्रणाली उतरलेल्या चेहऱ्यानं माझ्या टेबलापाशी आली.

“मॅम, चूक सापडली. माझीच आहे.”

लुकलुक क्षणभर थांबली तरी चिप तिला बॉल समजते, असं तिचं म्हणणं. तिनं चिपला जरा जास्त थांबायला लावलं होतं. ट्रायलच्या बोर्डात डिझाइन पुन्हा भरता येतं, ते भरलं. संध्याकाळी जाऊन पाहिलं, एकही फुकटचा पॉइंट पडला नाही.

“कबूल केलं, बरं झालं,” घाटे सर म्हणाले. “टेपआउटच्या कागदावर सही करा.”

माझा हात काही सहीकडे जाईना. संध्याकाळी ते मशीन आधीही बिघडत नव्हतं. मग दुरुस्त झालं हे कशावरून म्हणायचं? मला चीड आली होती. सरांची, आणि इतक्या लवकर मान खाली घालणाऱ्या त्या पोरीचीही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पुन्हा गजूभाऊंचा फोन.

“मॅडम, फुकटचे पॉइंट कमी झाले, पण पडून राहिले. अन् आता जोरात टाकलेला बॉल मोजूनच नाही राहिली! गिऱ्हाईक भांडून राहिलं माझ्याशी.”

“भाऊ, हे नेहमी याच वेळी होतं का?”

“हो ना. जेवणाच्या टायमाले.”

“मग आधी काहून नाही सांगितलं?”

“तुम्ही कुठं विचारलं?”

मी प्रणालीला खुर्चीतून उठवलं. डोक्याला ओढण्या गुंडाळून आम्ही निघालो. ऊन असं की स्कूटीच्या हँडलला हात लावणं नको वाटत होतं. पार्लरसमोर गाडी लावताना बघते तर विजेच्या खांबाला सावलीच नाही. मे संपता संपता नागपुरात काही दिवस सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. शून्य सावली म्हणतात ते हेच. दिल्लीवाल्यांच्या नशिबी हे कधीच येत नाही.

आत मशीनवर उन्हाचा लखलखीत पट्टा पडला होता. पार्लरच्या पत्र्यात उजेडासाठी एक पारदर्शक शीट बसवलेली होती, आणि तिच्याखाली पंखा फिरत होता. समोर कोणी नव्हतं. पॉइंट पडत होते.

“ओढणी सोड वं, वरून धर,” मी म्हटलं.

प्रणालीनं ओढणी मशीनच्या वर ताणून धरली. पॉइंट थांबले. बाजूला केली, पुन्हा सुरू. मग गजूभाऊंनी पंखा बंद केला. ऊन तसंच होतं, तरीही पॉइंट थांबले.

एरवी तिरपं येणारं ऊन पाइपच्या तळापर्यंत पोचत नव्हतं. आता ते सरळ आत उतरत होतं आणि सेन्सरचे डोळे दिपत होते. लुकलुक दिसेना, की चिपला वाटे, बॉल आला. पंख्याच्या पात्याची सावली पडली की पुन्हा दिसे. पातं पुढे सरकलं की पुन्हा बॉल! प्रणालीच्या मूळ ब्लॉकनं जे दिसलं ते इमानेइतबारे मोजलं होतं. जोरातले बॉल हुकत होते ते नंतरच्या दुरुस्तीमुळे.

प्रणाली ओढणी हातात घेऊन नुसती उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

टेपआउटआधी आम्ही तिची ती दुरुस्ती काढून टाकली. तिच्या जागी तिनंच नवी अट लिहिली, सेन्सर दिपलेला असेल तर मोजायचं नाही.

“म्हणजे दोष सूर्याचा?” घाटे सरांनी विचारलं.

“सूर्य वेळेवर येत होता सर. आपण पाचनंतर जात होतो.”

पुढच्या प्रोजेक्टच्या टीममध्ये प्रणालीचं नाव होतं.

मी तिला नंतर एकदा विचारलं, “नसलेली चूक तुला सापडली तरी कशी गं?”

ती हसली नाही. म्हणाली, “सगळेच म्हणून राहिले होते मॅम, की चूक हाय. मग मले बी दिसाले लागली.”

तेव्हापासून कोणी फार चटकन चूक कबूल केली, की मी त्या कागदावर सही करत नाही. आधी तक्रार किती वाजताची आहे ते विचारते, आणि त्या वेळेला जाऊन उभी राहते.