आईचा किमोनो
निळीत रंगवलेल्या ओलसर सुती कापडावर इस्त्री फिरली, की त्या वासानं मला कळसाडी गावातली ती सकाळ आठवते. आईचा मोडलेला हात प्लास्टरमध्ये होता, कुठलंच पोलकं चढत नव्हतं, आणि तिच्या लाडक्या भाचीच्या लग्नाला न्यायला जीप दारात उभी होती. "तुम्ही जा, मी नही येत," म्हणून ती भिंतीकडे तोंड करून बसली. मी तेव्हा फॅशन डिझाइन शिकत होते, जपानी कपड्यांनी झपाटले होते, आणि परीक्षेसाठी शिवलेला निळा किमोनो माझ्या बॅगेत होता. त्याच्या रुंद बाहीत तिचा हात अलगद गेला. साडीवर तो बांधला तेव्हा ती म्हणाली, "लोके हासतीन ना वं!" लोक हसलेच, पण ती दिवसभर नवरीजवळून हलली नाही. धावपळीत मी जेवले नव्हते, ते तिच्याच लक्षात आलं. परतताना तिनं त्या लांब बाहीच्या तळातून बुंदीचा लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. "बाही भलती कामनी शे." तुपाचा डाग काही गेला नाही, किमोनो मी तसाच परीक्षेला दिला. आता माझ्या दुकानात गिऱ्हाइकं विचारतात, एवढी खोल बाही जपानी पद्धतीची का? मी हो म्हणते. माप मात्र लाडवाचं घेते.