बकुळीला घातलेलं मीठ

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट वाचनालयाच्या फळ्यावर लावतो आहे.

माझ्या गेलेल्या मुलीच्या आठवणीसाठी, आता आटलेल्या तळ्याकाठी लावलेली बकुळ पिवळी पडली होती. मला वाटलं, भुकेली असेल. आमच्या माडाला दरसाल मीठ मानवतं, म्हणून भर उन्हाळ्यात हिच्याही बुंध्याशी ओंजळभर मीठ आणि शेणखत घातलं. आज पाहतो तर सगळी पानं करपून गळालेली.

मिठागरावरचा म्हातारा लखमा माती उकरून म्हणाला, "मास्तर, हिला भूक नव्हती, तहान होती. आधी पाणी पाजायचं. खताचं पावसाळ्यात बघायचं."

तापात माझी मुलगीही पाणीच मागत होती, आणि मी बळेबळे पेज भरवत होतो.

मंडळी, तुम्ही खत घालण्याआधी माती उकरून बघता ना?