डायलिसिसच्या खोलीतली दिवेलागण

“तुमच्या दोन्ही किडन्यांनी काम जवळजवळ थांबवलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. मी चष्मा घरी विसरलो होतो, त्यामुळे वाचल्यासारखं करून मान हलवली. शेजारी बसलेल्या आक्काने विचारलं, “मग गोळी कुठची बदलायची?”

बाईंनी शांतपणे समजावलं. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला एक कचरा. किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. माझ्या रक्तात तो साठत गेला होता. पायांची सूज, अंगाला सुटणारी खाज, तोंडाची कडू चव, सगळं त्याचंच. मी सुजेचा दोष नव्या चपलांना देत होतो. एक चप्पल तर रागाने फेकूनही दिली होती. रक्तदाबाच्या गोळ्या वर्षानुवर्षं मनाला येईल तशा घेतल्या की असंच व्हायचं, हे आता तुम्हाला सांगून ठेवतो.

“आता डायलिसिस,” बाई म्हणाल्या. “हृदय अशक्त आहे, त्यामुळे दुसरी किडनी बसवता येणार नाही. आठवड्यातून दोनदा यायचं. कायम.”

कायम हा शब्द मला तेव्हा नीट ऐकू आला नाही. तो घरी गेल्यावर ऐकू आला.

माझी थोडी ओळख करून देतो. मी जन्मभर बोटीवर कुक होतो. लग्न राहून गेलं. रिटायर झाल्यावर रत्नागिरीत आक्काकडे आलो. आक्का माझी थोरली बहीण. तिचे यजमान गेले त्याला बरीच वर्षं झाली. तिची मुलगी प्राची चौतिशीची आहे, घरीच शिवणाचे क्लास घेते. घरात आम्ही तिघंच. ज्यांना नुकतंच कुणीतरी असा रिपोर्ट सरकवून दिला असेल, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी मानेत नळी घातली. मग हाताचं छोटं ऑपरेशन करून फिस्टुला केला. फिस्टुला म्हणजे धमनी आणि शीर एकमेकांना जोडायची, म्हणजे शीर फुगून जाड होते आणि तिच्यात सुई टोचता येते. त्या जागी बोट ठेवलं की आतून थरथर लागते. बोटीवर बंकमध्ये पडलं की इंजिनची अशीच थरथर पाठीला लागायची. पहिल्यांदा ती माझ्याच मनगटात लागली तेव्हा मी बराच वेळ बोट काढलं नाही.

मग पथ्य. मीठ नावाला. पाणी दिवसाला जेमतेम लिटरभर, त्यातच चहा आणि आमटी धरायची. नारळपाणी बंद, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि ते रक्तात वाढलं की हृदय बंद पडू शकतं. हापूसची एखादी फोड, तीही विचारून. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या माडांखाली वाढलेल्या माणसाला शहाळं बंद! शंभर माणसांची आमटी चाखून मीठ ठरवणारा मी, आता वाटीतला अळणी भात चिवडत बसायचो आणि आक्कावर उगाच खेकसायचो.

डायलिसिसच्या खोलीत चार खाटा. प्रत्येकीशेजारी कपाटाएवढं मशीन. रक्त एका नळीतून बाहेर जातं, गाळलं जातं, दुसरीतून परत येतं. चार तास हात हलवायचा नाही. माझी पाळी सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी दहाला. एका बाजूला हमीदभाई, मिरकरवाड्याचे, सत्तरी ओलांडलेले, एके काळी दोन होड्यांचे मालक. दुसऱ्या बाजूला सायली, कॉलेजातली पोरगी, कानात कायम हेडफोन. चौथ्या खाटेवरची माणसं बदलत राहायची. कुणी कुणाशी बोलत नसे. सगळे छताकडे बघायचे.

काही दिवस बरे जायचे, काही वाईट. अंगातलं पाणी जास्त काढलं गेलं की रक्तदाब घसरतो आणि पोटऱ्यांत असे गोळे येतात की मोठा माणूस आईला हाक मारतो. मीही मारली. मकरसंक्रांतीनंतर मी मनाशी ठरवलं की आता पुरे. माझ्यामागे बायको नाही, पोर नाही. कुणासाठी हे चालवायचं?

डॉक्टरीणबाईंना एकट्यात सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, समजूतही घातली नाही. म्हणाल्या, “बंद करायचा हक्क तुमचा आहे. बंद केल्यावर आठवडा, फार तर दोन. त्रास होऊ नये याची काळजी मी घेईन. पण घरच्यांना तुम्ही स्वतः सांगायचं. माझ्याकडून त्यांना कळता कामा नये.”

मी ठरवलं, शिमग्याला देवीची पालखी घरी येऊन गेली की थांबायचं. आक्काला तेव्हाच सांगायचं.

मला सोडायला-आणायला प्राची यायची. खाटेशेजारी स्टुलावर बसून पुस्तक वाचायची. जाड पुस्तक, वर निळा समुद्र आणि एक मोठी कुर्ली, म्हणजे खेकडा. मी चिडवलं, “काय गो, लग्नाचं वय टळलं आणि पोराटोरांची पुस्तकं वाचतेस?” ती म्हणाली, “पाच भाग आहेत मामा. माझ्या कमाईने घेतलेत.” आणि पुन्हा वाचायला लागली. मध्येच खुदकन हसली. मी विचारलं काय झालं, तर तिने ते पान मोठ्याने वाचलं.

त्या पुस्तकमालेचं नाव सांगत नाही. तुमच्या घरात दुसरी एखादी असेल, तीच तुमची. आमच्या मालेत चिमा नावाची मुलगी आहे. एका मोठ्या ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की तळातून एक रस्ता उघडा पडतो. रस्त्याच्या टोकाला एक बेट. वाट दाखवायला म्हातारी, तिरसट कुर्ली. ती आडवी चालते, त्यामुळे कुठेही सरळ पोचत नाही. नियम एकच. भरती लागायच्या आत परतायचं. नाही परतलं तर माणूस मरत नाही, फक्त आपलं नाव विसरतो आणि तिथेच राहतो.

तीन-चार पानं झाली असतील. सायलीचे हेडफोन गळ्यात उतरले होते. हमीदभाईंनी मान आमच्याकडे वळवली होती. तेवढ्यात आक्का डबा घेऊन दारात आली आणि तिथूनच ओरडली, “बंद कर ते! दिवसाउजेडी गोष्ट सांगतंस? मामा वाट चुकतो!”

खोलीत हशा पिकला. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे आपल्याकडे कुठल्या पोराने ऐकलेलं नाही? आयांना दुपारी झोपायचं असतं, म्हणून काढलेली पळवाट ती. पण आक्का हसत नव्हती.

मला कारण ठाऊक होतं. आम्हाला बंडू नावाचा धाकटा भाऊ होता. प्राची पाच वर्षांची असताना तापाने फणफणली होती, झोपेना, म्हणून आक्काने तिला भर दुपारी गोष्ट सांगितली. त्याच आठवड्यात बंडूची होडी मासेमारीला गेली ती परत आली नाही. तेव्हापासून आक्काने दिवसा गोष्ट सांगितली नाही आणि बंडूचं नावही घेतलं नाही.

प्राचीने पुस्तक पिशवीत घातलं. हमीदभाईंनी आपली वकिली करून पाहिली, “आक्का, ही सांगते कुठे? वाचते. सांगणं वेगळं, वाचणं वेगळं.” आक्काने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा छताकडे वळले. मी संध्याकाळची पाळी मागून पाहिली, ती रिकामी नव्हती.

मग एका रविवारी, जेवताना, भाताला मीठ नाही म्हणून मी ताट ढकललं आणि रागाच्या भरात बोलून गेलो, “शिमगा झाला की हे सगळं बंद करणाराय मी. सुई नको आणि हा भातही नको.”

मला वाटलं, रडेल. आक्का रडली नाही. तिने माझं ताट उचललं, मोरीत ठेवलं आणि माजघरात जाऊन बसली. रात्री जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी ती आमच्याबरोबर रिक्षात बसली. खोलीत आल्यावर, माझ्या सुया लावून झाल्यावर, तिने उठून खिडकीचे हिरवे पडदे एकेक करून ओढले. सिस्टरला म्हणाली, “बाय, दिवे घालव जरा.” खोलीत अंधार झाला. मशीनचे हिरवे-लाल ठिपके तेवढे लुकलुकत राहिले. मग आक्का बटणापाशी गेली, एकच ट्यूब लावली आणि तिला हात जोडले. देवघरात तिन्हीसांजेला जोडते तसेच.

“झाली दिवेलागण,” ती म्हणाली. “वाच आता, प्राची. वाट चुकायला तो तसाही निघालाच हाय.”

कुणी हसलं नाही. सिस्टरने आपणहून दार लोटलं. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि त्या खोलीत रात्र होती. मी अर्धं जग पाहिलंय, असं काही पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून सोमवारी आणि गुरुवारी आमच्याकडे सकाळीच दिवेलागण होऊ लागली. तुम्ही विचाराल, पोरांच्या पुस्तकात एवढं काय? मीही विचारायचो. माझं उत्तर कुकचं आहे. गुरगुट्या भात लहान पोरासाठी करतात, पण तो आजाऱ्याला चालतो, म्हाताऱ्याला चालतो, आणि धडधाकट माणूसही घरात कुणी नसताना भांड्यातून खरवडून खातो. तांदूळ तोच असतो, फक्त शिजवायला जास्त वेळ दिलेला असतो.

त्या पुस्तकात भीती आहे, मरण आहे, आई रागावून निघून जाते तेही आहे. पण सगळं एका सरळ वाक्यात सांगितलेलं. मोठी माणसं आजाऱ्याशी बोलताना आडवळणं घेतात, “होईल हो सगळं नीट” म्हणतात. चिमाला कुणी तसं म्हणत नाही. तिला सांगतात, पाणी चढतंय, पळ. मला ते ऐकून फार बरं वाटायचं. आणि गंमत म्हणजे तिघांची गोष्ट वेगवेगळी होती. सायलीला वाटायचं चिमाने परत येऊच नये, तिकडेच राज्य करावं. हमीदभाईंचा जीव बेटावरच्या म्हाताऱ्या तांडेलात, होडीच्या कप्तानात, अडकलेला. चिमा त्याला मागे टाकून निघाली की ते खोकायला लागायचे. माझी कुर्ली.

दुसऱ्या भागात तिचा मोठा डेंगा, म्हणजे नांगी, तुटला. तिसऱ्या भागात ती दिसेनाशी झाली. चिमा शोधत शोधत एका दगडापाशी आली, खाली वाकली, तर आत कुर्ली पडलेली, कात टाकलेली, बोट लावलं तर रुतेल इतकी मऊ. चिमाने विचारलं, “मेलीस का तू?” कुर्ली म्हणाली, “मेल्येय कसली! मऊ झाल्येय. दुसरा डेंगा फुटेपर्यंत दगड हलवू नको.”

कात टाकलेली कुर्ली मऊ असते हे काय मला ठाऊक नव्हतं? हजारो कुर्ल्या मी या हातांनी फोडल्या आहेत. पण त्या अंधारात, सुया टोचलेला हात उशीवर ठेवून ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. मी दगडाखाली पडलोय. मेलो नाही. इतकं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी पुढे आणखी एक पान आलं. चिमाला बेटाचं गुपित कळतं. किनाऱ्यावरून कुणी आपल्या माणसाचं नाव घेतलं, की तिकडे विसरलेल्या माणसाला आपलं नाव आठवतं. तो परत येऊ शकत नाही, पण हाक ओळखतो. प्राचीने पान उलटलं. आणि खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसलेली आक्का, कुणाकडेही न बघता, हळूच म्हणाली, “बंडू.”

एकोणतीस वर्षांनी. मशीनं चालू होती. हमीदभाईंनी डोळे मिटून घेतले. दोन होड्यांच्या मालकाला बंडू कोण असेल हे कुणी सांगायला लागलं नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही, हात हलवायची बंदीच होती.

नंतरच्या आठवड्यात शिमगा आला. पालखी घरी आली. ढोल वाजले, अंगण माणसांनी भरलं. आक्काने ओटी भरली. मी ओसरीवर खुर्चीत बसून बघत होतो. माझा ठरवलेला दिवस हाच होता. आक्काने मला एका शब्दाने विचारलं नव्हतं, आणि मीही काही बोललो नव्हतो.

पालखीच्या मानकऱ्यांनी देवीला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली आणि आक्काला विचारलं, “काय सांगायचं हाय देवीला?” दरवर्षी ती म्हणते, सगळ्यांना सुखी ठेव. यंदा तिने पदर सावरला.

“बंडू जिथे असंल तिथे त्याला सांभाळ,” ती म्हणाली.

“व्हय म्हाराजा!” मंडळी म्हणाली.

“आणि ह्याला सोमवारी दहाला डायलिसिसला जायचंय. ह्याला पाय मागे घेऊ देऊ नको. तिकडे कुर्ली दगडाखाली अडकून पडलीय.”

कुठली कुर्ली, कसला दगड, अंगणात कुणालाच काही ठाऊक नव्हतं. मानकऱ्यांनी एकदा आक्काकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि शब्दही न बदलता ते तसंच्या तसं देवीला सांगितलं. प्राची दारात उभी होती, तिने माझ्याकडे बघायचं टाळलं.

“व्हय म्हाराजा!” सगळं अंगण एका सुरात म्हणालं.

मीही म्हणालो.