बारामतीच्या खोलीत पडून राहिलेलं पत्र

सोळा सोमवारांचं व्रत मी अकराव्या सोमवारी मोडलं. चुकून नाही, ठरवून. पणदऱ्याच्या आमच्या घरात देव्हारा स्वयंपाकघरातच आहे. त्या दिवशी मी भाकरी थापली, कांदा फोडला, देव्हाऱ्यासमोर पाट मांडला आणि महादेवाच्या तसबिरीकडे बघत बघत भरपेट जेवले. मनात म्हटलं, तुला माझी फिकीर नाही, तर मलाही तुझी नाही. सासूबाई गोठ्यातून दुधाची चरवी घेऊन आत येत होत्या. त्यांनी ते पाहिलं, चरवी खाली ठेवली आणि परत गोठ्यात गेल्या. हे लिहायची आजही लाज वाटते, पण माझा अनुभव सांगायचा तर तो इथूनच सुरू होतो.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. माझे यजमान इंजिनियर. लेक पोटात असतानाच ते नोकरीसाठी अमेरिकेला गेले. नोकरी नवी, रजा नाही, त्यामुळे लेकीनं बापाला पाहिलंच नव्हतं. दर रविवारी सकाळी मी तिला बारामतीच्या एका टेलिफोन बूथवर न्यायची. काचेची खोली, लाल आकडे पळणारं यंत्र, आणि फोनमधून येणारा बाबांचा आवाज. तिची पक्की समजूत होती की तिचे बाबा त्या काचेच्या खोलीतच राहतात. आम्ही निघालो की ती खोलीचं दार नीट लावून घ्यायची, बाबांना वारं लागू नये म्हणून. फोनला सोपं पडावं म्हणून पहिली दोन वर्षं मी बारामतीतच एक खोली भाड्यानं घेऊन राहिले. यजमानांना तिकडे कायम राहण्याची परवानगी मिळाली, आमचा दोघींचा अर्ज गेला, त्यावर पत्ता त्याच खोलीचा पडला. पुढे मी पणदऱ्याला सासरी राहायला आले तरी पत्ता बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. तिथं आलेली पत्रं घरमालक पणदऱ्याला पाठवून द्यायचे.

मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतून मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा आम्हाला वाटलं, झालं काम. पण अडलं ते माझ्या जन्मतारखेवर. माझा जन्म जुन्या पळसदेवचा. ते गाव उजनीच्या पाण्याखाली गेलं, आणि माझ्या जन्माची नोंद मुळात झालीच नव्हती. जन्माचा दाखला नसेल तर घरातल्या दोन वडीलधाऱ्यांनी शपथेवर लिहून द्यायचं असतं. एक माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी दिलं, दुसरं डाळजच्या मावशीनं. आबांनी शाळेच्या दाखल्यावरची तारीख सांगितली, एक जून. मावशीला कसला दाखला नि कसली तारीख. तिनं इंदापूरच्या वकिलाच्या कारकुनाला सांगितलं, श्रावणातला दुसरा सोमवार. त्या भल्या माणसानं जुनं पंचांग काढून ऑगस्टमधली तारीख शोधली आणि इंग्रजीत टाइप करून टाकली. मावशीनं अंगठा उठवला. आमच्या घरात तो कागद कुणी वाचला नाही. सही-शिक्के आहेत ना, एवढंच पाहिलं.

मुलाखत घेणाऱ्या साहेबानं मात्र वाचला. दुभाष्याकडून त्यानं विचारलं, या दोन तारखांतली खरी कोणती? मी म्हटलं, एक जून. मग तो यजमानांचे कागद चाळायला लागला. त्यांचीही तारीख एक जून. त्यानं विचारलं, तुमच्या घरात एक जूनला जन्मलेले आणखी कोण आहेत? मी खरं ते सांगून टाकलं. माझा भाऊ, दोन्ही दीर आणि नणंद. दुभाषी मराठी होता, त्याला हसू आवरेना. साहेब हसला नाही. आमच्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट एक जून लिहितात हे त्याला कुठून माहीत असणार? त्याला ती बनवाबनवी वाटली असेल तर त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही. त्यानं एक कागद हातात दिला. चौकशी चालू राहील, कळवू.

मुंबईहून परत येताना मी वाट वाकडी करून डाळजला उतरले आणि मावशीला नको ते बोलले. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. मला वाढवलं ते या मावशीनं. माझ्यासाठी ती डाळजचं घर सोडून आमच्याकडे पळसदेवला येऊन राहिली होती. तिला मी अंगणात उभी राहून विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं गं सोमवार नि श्रावण करायला? माझ्या संसारात पाणी कालवलंस तू." ती तूर पाखडत होती. सूप तसंच हातात धरून म्हणाली, "शपथंवर सांगायचं म्हनले गं. म्हून खरं सांगितलं." मी तिच्या हातचं पाणीही न पिता एसटी पकडली. त्यानंतर तिच्याकडे गेले नाही.

कळवू म्हणाले होते, पण कळवलं काहीच नाही. पत्रं पाठवली की छापील उत्तर यायचं, चौकशी चालू आहे. फोन लावला की तेच. सहा महिने गेले, आठ गेले, वर्ष उलटलं. पाहुणेमंडळी विचारायची, "कवा उडायचं तुमचं इमान?" मी हसून वेळ मारून न्यायची. बांधलेल्या बॅगेतले लेकीचे कपडे तिला आखूड झाले, मी नवे शिवून भरले, तेही आखूड झाले. यजमानांचा आवाज फोनवर दर रविवारी थोडा थोडा थकत चालला होता. एकदा त्यांनी विचारलं, "मी सगळं सोडून परत येऊ का?" मला उत्तर देता आलं नाही. त्याच्या पुढच्याच सोमवारी मी ते भाकरी-कांद्याचं जेवण जेवले.

मुलाखतीनंतरचा चौदावा महिना लागला. त्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी फार खाली गेलं आणि पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडलं. आबांचा निरोप आला, किती वर्षांनी देव दिसला आहे, सोमवारी गाव अभिषेक करणार आहे, ये. मी जाणार नव्हते. सासूबाईंनीच लेकीला आपल्याजवळ ठेवून घेतलं आणि म्हणाल्या, "तुजा राग देवावर हाय, बापावर न्हाय नव्हं? बापाला भेटून ये." एवढ्या दिवसांत त्या जेवणाविषयी त्या बोलल्या ते एवढंच.

मासेमारी करणाऱ्या एका तात्यांनी आबांना आणि मला होडीतून देवळाच्या अलीकडे सोडलं. पुढे वाळलेल्या गाळातून चालायचं होतं. पायाखाली शिंपले कुरकुरत होते. लहानपणी ज्या वाटेनं मी दप्तर घेऊन पळत जायची ती वाट कुठं गेली, काही कळेना. देवळाचे दगड मात्र जागच्या जागी होते. आत गारवा होता, चिखलाचा आणि माशांचा वास होता. पिंडीवरचा गाळ बायकांनी धुऊन काढला होता.

मी भांडायच्या तयारीनं गेले होते. बोलायचं सगळं मनात घोकून ठेवलं होतं. पण पिंडीसमोर बसले आणि एकच विचार आला, हा इतकी वर्षं पाण्याखाली बसून आहे. ना कुणी दिवा लावला, ना कुणी बेल वाहिला. आणि आज पाणी उतरलं तर हा जसा होता तसाच आहे. मी चौदा महिन्यांत देव सोडला, मावशी सोडली, यजमानांना धड उत्तरसुद्धा देऊ शकले नाही. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. काही मागितलंही नाही. एवढंच म्हटलं, तुझ्या मनात असेल तेव्हा होऊ दे, मी आता थकले. आणि खरंच सांगते, त्या घडीला छातीवरचं ओझं उतरलं. बाहेर काही म्हणजे काही बदललेलं नव्हतं, तरी मोकळं वाटलं.

बाहेर आले तर पायरीवर एक म्हातारे गृहस्थ टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. त्यांनी विचारलं, "कुणाची गं तू?" मी आबांचं नाव सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे श्रावणी सोमवारची पोर तू." ते आमच्या बुडालेल्या शाळेचे गुरुजी होते. मी त्यांना ओळखलंच नव्हतं.

त्यांनी जे सांगितलं ते मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. मला शाळेत घालायला मावशी घेऊन गेली होती. गुरुजी म्हणाले, "श्रावणातला जन्म लिहिला तर जूनमध्ये तुला सहा पुरी होत नव्हती. पुढच्या वर्षी आणा म्हटलं. तर तुझी मावशी म्हणाली, 'पुढच्या वर्सी हिला शेरडांमागं धाडतील, मग कुटली शाळा?' मग मी म्हटलं, एक जून लिहितो. तर त्यालाही तयार होईना. 'महादेवाच्या वारी जन्मली पोर, खोटं कसं लिवायचं?' शाळेच्या दारात बसून राहिली बाई. शेवटी म्हणाली, 'लिवा. ह्याचं पाप मला लागू दे, पोरीला नको.' म्हणून मी रजिस्टरात तारखेपुढं 'अंदाजे' असं लिहून ठेवलं. तिच्या समाधानासाठी."

मी पायरीवरच बसले. एकदा माझ्या शाळेसाठी ती खोटं लिहू द्यायला तयार झाली होती. आता शपथ घालून विचारल्यावर तिनं खरं सांगितलं, आणि मी तिला अंगणात उभं राहून बोलले होते. गुरुजींना मी माझी अडचण सांगितली तेव्हा ते लगेच उठले. गाव उठलं तेव्हा शाळेची रजिस्टरं त्यांनीच बैलगाडीत घालून नव्या गावात आणली होती. "उद्या शाळेतून उतारा काढून देतो," ते म्हणाले, "आणि एक जूनची भानगड काय ती माझ्या सहीनं लिहून देतो. माझ्या हातानं लावलेली तारीख आहे, मलाच निस्तरली पाहिजे."

मी आबांना सांगून त्याच दुपारी डाळजला गेले. मावशी ओट्यावर बसली होती. पार वाळली होती. मी तिच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "मावशे, चुकलं माझं." ती म्हणाली, "आदी हातपाय धू. उनातनं आलीस." मग तिनं पिठलं-भाकरी वाढली आणि समोर बसून राहिली. स्वतः नुसता बिनदुधाचा चहा पीत होती. मी विचारलं, तू का जेवत नाहीस? तिनं आधी माझ्या ताटात आणखी पिठलं वाढलं. मग म्हणाली, "आज सोमवार हाय. तू मदीच सोडलंस असं आबानं सांगितलं. सा र्‍हायले हुते, ते सोमवार मी धरलं. सा झालं, तरी तुजं पत्र काय येईना. म्हटलं, येईस्तवर धरू. मला म्हातारीला काय लागतंय?" मी हातातला घास परत ताटात ठेवला. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "खा. तू जेवलीस की माजा उपास त्याला पावला."

दुसऱ्या दिवशी गुरुजींचं पत्र आणि उतारा मिळाला. मी दोन्ही कागद रजिस्टर्ड पोस्टानं मुंबईला पाठवले आणि पणदऱ्याला परत आले. त्या दिवसांत मी एकदाही पोस्टमनची वाट पाहिली नाही. सासूबाई म्हणाल्यासुद्धा, "झोप लागाय लागली व्हय गं तुला?"

आणि आठवड्यानं बारामतीचे घरमालक स्वतः पणदऱ्याला आले. ते महिनाभर मुलीकडे गेले होते. परत येऊन आमच्या जुन्या खोलीचं दार उघडतात तो आत दाराखालून टाकलेलं एक पाकीट. वकिलातीचं. दोघींचा व्हिसा मंजूर झाला होता, पासपोर्ट घेऊन या म्हणून कळवलं होतं. सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली, मी लेकीला कडेवर घेऊन अंगणभर फिरले, शेजारपाजार गोळा झाला. दीर पत्र पुन्हा वाचत होते. त्यांच्या लक्षात आलं आणि ते म्हणाले, "वैनी, ह्याच्यावरची तारीख तर बगा."

पत्र निघालं होतं ते मी देवळात गेले त्याच्या पाच दिवस आधी. म्हणजे मी पिंडीसमोर बसून रडत होते तेव्हा आमचा व्हिसा मंजूर होऊन बारामतीच्या बंद खोलीत येऊन पडला होता, नाहीतर वाटेत होता. गुरुजींच्या सहीची गरजच पडली नव्हती. साहेबानं चौकशी कुठं केली, कशी केली, मला आजतागायत माहीत नाही. सगळे हसले, म्हणाले, उगाच एवढी धावपळ केलीस. मीही हसले. पण मला तेव्हाच कळलं होतं की ती धावपळ उगाच नव्हती.

विमानतळावर लेकीनं बापाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही त्या खोलीतून बाहेर कधी आलात?" यजमानांनी तिला उचलून घेतलं आणि तोंड फिरवून उभे राहिले. तिनं आपल्या हातानं त्यांचे डोळे पुसले.

मावशी आम्ही अमेरिकेला आल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात वारली. मला येता आलं नाही. पण निरोप आला तेव्हा मी रडले ती नुसती दुःखानं रडले, मनात कसली टोचणी नव्हती. ते पत्र जर वेळेवर माझ्या हातात पडलं असतं तर मी कशाला पळसदेवला गेले असते आणि कशाला डाळजला? माझा हट्टी स्वभाव मला माहीत आहे. मी बॅग उचलून तशीच निघून गेले असते, आणि मावशी माझ्या नावानं सोमवार धरत, माझी वाट बघत गेली असती. चौदा महिन्यांच्या विलंबाबद्दल मी देवाला बोल लावले. शेवटच्या त्या थोड्या दिवसांच्या विलंबासाठी मी रोज त्याच्यापुढं हात जोडते.

सरकारी कागदांवर माझा वाढदिवस अजून एक जूनलाच येतो. पण श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी मी उपास करते, आणि संध्याकाळी तो पिठलं-भाकरीनं सोडते.