पंखा फिरून राह्यला का?

खांबाला शिडी लावली तरी मामा लगेच चढत नसत. आधी जवळच्या घराकडे तोंड करून हाक मारायचे, "अक्का, पंखा फिरून राह्यला का?" आतून "न्हाई" आलं, तरच पहिल्या पायरीवर पाय. 'लाइन बंद आहे' अशी कार्यालयाची चिठ्ठी खिशात असायची, ती खिशातच राहायची. कार्यालयापेक्षा गल्लीतल्या बायकांवर जास्त विश्वास ठेवणारा मंठ्यातला हा एकच लाइनमन.

"अक्का खोटं बोलल्या तर?" मी एकदा विचारलं.

"पंख्याखाली बसलेली बोलंल एखादं टाइम. घामानं भिजलेली बाई कशाला खोटं बोलंल, सायेब?"

मी बिलाच्या टेबलावरचा कारकून. मला साहेब फक्त मामाच म्हणत, तेही बहुधा गमतीनं. कार्यालयात संगणक आला तेव्हा दोन याद्या एक करायचं काम माझ्याकडे आलं. एक आमची बिलाची, दुसरी दुरुस्तीवाल्यांची. दोन्हींत गल्लीगल्लीला वीज देणाऱ्या डीपींची नावं. इकडे सदुसष्ट, तिकडेही सदुसष्ट. मी नावाला नाव जुळवत गेलो. शेवटी दोन्हीकडे एकेक उरली, आमची 'माळाची' आणि त्यांची 'गोदामाची'. उरल्या त्या एकच असणार, म्हणून त्यांचं लग्न लावून दिलं. बेरीज जुळली. खाली दुहेरी रेघ ओढली. त्या रेघेत काय सुख असतं, ते आमच्या घरी अजून कुणाला समजलेलं नाही.

मामांनी यादी पाहिली. "एकदा फिरून बघू ना, सायेब."

"मामा, बेरीज जुळलीय."

"मंग काय, झालंच," म्हणाले आणि गेले.

संगणक सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी जुन्या शाळेच्या गल्लीत तार बदलायची होती. संगणकानं डीपीचं नाव सांगितलं, एकानं जाऊन ती बंद केली, मामांना चिठ्ठी मिळाली. त्यांनी शिडी लावली आणि हाक मारली.

"फिरून राह्यलाय की, मामा!"

मामा शिडी तशीच सोडून कार्यालयात आले. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि माझी यादी टेबलावर पसरली.

"बराबर हाय, सायेब. पण खरं न्हाई."

शाळा कधीचीच माळावर गेली होती आणि जुन्या इमारतीत धान्याचं गोदाम झालं होतं. आमच्या जुन्या यादीतली 'शाळेची' म्हणजे आता गोदामाजवळची. दुरुस्तीवाल्यांची 'शाळेची' म्हणजे माळावरची. मी शाळेला शाळा जोडली होती, म्हणून बंद झाली ती माळावरची. सदुसष्टला सदुसष्ट जुळले होते, आणि त्यापायी मामा जिवंत तारेला हात घालणार होते.

पुढचे आठ दिवस आम्ही दोघं सायकलींवर सगळ्या डीपी फिरलो. मामा एकेक बंद करायचे आणि मी दारोदार पंख्याची चौकशी करायचो. एका आजींनी विचारलं, "हे कोण रे?"

"आमचे सायेब. गावातले पंखे मोजून राह्यलेत."

दुरुस्त यादीवर कारण लिहायचा रकाना होता. मी पेन उचलून बसलो. मामा म्हणाले, "लिहा, शाळा हलली." चूक कुणाची, हे त्यांनी कार्यालयात कुणालाही सांगितलं नाही.

मामा निवृत्त झाले, आणि काही वर्षांनी गेलेही. माझी बदली होऊन मी जुन्या जालन्यात राहायला आलो.

परवा दुपारी आमच्या दारासमोरच्या खांबाला शिडी लागली. नव्या लाइनमननं मोबाइल पाहिला आणि पाय उचलला. मी हातातला हिशोब टाकून बाहेर आलो.

"अहो, पंख्याचं विचारा आधी."

"लाइन बंद आहे काका. मेसेज आलाय."

"आला असेल. तरी विचारा."

मी दारातून हलेना, तेव्हा तो हसला. "बरं. पंखा फिरून राह्यला का, काका?"

मी आत वळून, मान वर करून नीट पाहिलं.

"न्हाई," मी म्हणालो. "चढा."