धुळ्याचा हात, जळगावचा पडदा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी जळगावात एका कापूस-जिनिंगवाल्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचे. शेठ धुळ्यात. त्यांचा पुण्यात शिकलेला पुतण्या लिनक्स बसवून गेला आणि माझ्यामागे भुताटकी लागली. माझ्या पडद्यावर दिसे तेच फोनच्या तारेतून धुळ्याला शेठना दिसे. तिकडे त्यांनी माउस हलवला की इकडे माझा बाण पळायचा. दोघांनी एकदम हलवला की तो पिसाळायचा, म्हणून शेठनी नियमच घातला: बाण आपोआप हलला की मी हात मांडीवर घ्यायचे. उठायचं मात्र नाही, कारण लाइन घडीघडी तुटे आणि ती मीच जोडायची. बसा मेलं नुसतं बघत!

त्या दिवशी माझी अक्का कायमची सुरतेला चालली होती. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केल्यापासून आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिचं नाव टाकलं होतं. राहायची दीपनगरला, एवढ्या जवळ, तरी मी भाचीचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. सुरतची गाडी जळगावला थोडा वेळ थांबते, तेवढ्यात प्लॅटफॉर्मवर भेटायचं, असं आमचं चोरून ठरलं होतं. भाचीसाठी घेतलेलं झबलं माझ्या पर्समध्ये होतं. शेठना सकाळीच विचारलं, तर म्हणाले, "जा की, नाही कोण म्हणतं?"

निघायला उठले आणि बाण हलला. शेठ कापसाच्या गाठींचा मेळ लावायला बसले होते.

आठवण करून द्यावी तर ऑफिसात फोन एकच, आणि त्याच्यावर धुळं ठाण मांडून बसलेलं. न सांगता उठावं तर नोकरी जाणार, आणि घर माझ्या पगारावर चाललेलं. शेवटी हिय्या केला. पडद्यावर एक कोरी खिडकी उघडली आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलं, 'शेठ, गाडीची वेळ झाली, जाते.'

बाण थांबला. वाटलं, सुटले बाई! तर माझ्या डोळ्यांदेखत शेवटापासून एकेक अक्षर पुसलं जाऊ लागलं. 'जाते' गेलं, 'वेळ' गेली, 'गाडी' गेली. 'शेठ' तेवढं ठेवलं. त्याखाली उमटलं, 'बस. थोडंच राहिलंय.'

डोक्यात अशी तिडीक गेली! स्टेशनाकडून गाडी आल्याचा भोंगा ऐकू आला. थोड्या वेळानं सुटायचा दुसरा झाला, तेव्हा मी मोडेमची वायर उपटली आणि फोनला लावली. लावते न लावते तोच तो वाजला.

"कोठे शे व तू?" अक्का प्लॅटफॉर्मवरच्या पीसीओतून ओरडत होती. "कधीची फोन लावतेय, सारखा एंगेज! गाडी सुटी ऱ्हायनी!" मागे गाडी हलल्याचा खडखडाट होता आणि एक तान्हं बाळ रडत होतं. मी काही बोलणार, तोवर फोन बंद झाला.

मी रिसीव्हर ठेवला आणि लगेच पुन्हा घंटी वाजली.

"लाइन तुटली का गं?" शेठनी विचारलं.

"हो, शेठ," मी म्हटलं, आणि वायर परत मोडेमला लावली.